ऐकणाऱ्याची साधना

पनवेलच्या उत्तरेला मलंगगड. माघी पौर्णिमेला तिथं हाजी मलंगबाबांचा उरूस भरतो. नारळ, फुलं, चादरी घेऊन हिंदू-मुसलमान एकाच वाटेनं चढतात. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर घराण्याकडे. अशा ठिकाणी कव्वाली बसली की गाण्याइतकंच कव्वालाकडे पाहत राहावं. त्याची बोटं पेटीवर असतात, पण नजर समोरच्यांवर. एखाद्या ओळीला कुणाची मान डोलली, कुणाचे डोळे भरले, की पुढचा शेर तो खुशाल बाजूला ठेवतो. तीच ओळ पुन्हा, मग तिच्यातले चारच शब्द पुन्हा. मागचे टाळ्या धरतात, ढोलकवाला लय चढवतो. ज्याला हाल, म्हणजे भावावेश आला, तो निवेपर्यंत ओळ सोडायची नाही, ही चिश्ती सूफींची रीत. १२३५ साली दिल्लीत चिश्ती संत कुतबुद्दीन बख्तियार काकींनी अशाच एका शेरावर देह ठेवला, असं परंपरा सांगते.

म्हणजे साधना गाणाऱ्याची कमी, ऐकणाऱ्याची जास्त. म्हणूनच तिला पथ्यं आली. धर्मचिंतक इमाम गझालींनी वेळ, जागा आणि सोबत पारखून मगच ऐकायला बसा, असं बजावलं. नक्शबंदी सूफी तर बहुधा मूक जिक्रच, म्हणजे मनातलं नामस्मरणच पसंत करतात. गाणं ऐकावं की नाही, हा वाद आपल्या खुलताबादेत शेजारी शेजारी निजला आहे. १३३७ साली गेलेले चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब समाचे, म्हणजे या श्रवणाचे एवढे वेडे, की त्यांच्या नाचण्याच्या ढंगाला त्यांचंच नाव पडलं. आणि त्यांचे खलिफा, म्हणजे आध्यात्मिक वारस झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात कबर आहे औरंगजेबाची, ज्यानं दरबारातलं गाणं बंद केलं!

दख्खनच्या बायकांना मात्र मैफिलीची वाट पाहावी लागली नाही. दखनीतले चक्कीनामे, म्हणजे जात्यावरची गाणी म्हणत, जात्याचा खुंटा फिरवत त्यांनी पिठाबरोबर अल्लाचं नाव दळलं. पलीकडच्या घरात ओवी चालू असायची, तिलाही हा सूर परका वाटला नसेल.

आता कव्वाली मोबाइलवर मिळते. गळा तोच, शब्द तेच. फक्त आपल्या चेहऱ्याकडे पाहून त्याच ओळीवर थांबणारा कुणी नसतो. पनवेलकरांना तर गावातच पीर करमअली शाहबाबांचा दर्गा आहे, आणि मलंगगडही लांब नाही. कव्वाली कानावर आली तर जरूर बसा. पुढच्या रांगेत बसा आणि चित्रीकरण दुसऱ्या कुणाला करू द्या.