छप्पन्न किलोओहम

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या. आकडे कमी ठेवा आणि घरातल्या आजीलाही समजेल असं लिहा. पहिली अट मला पाळता येणार नाही. दुसरीची काळजी नाही, कारण आमच्या विषयातले नेमके प्रश्न मला आज्यांनीच विचारले आहेत. "आधीच्या वायरीनं दोन तासांत भरायचा, हिनं रात्र जाते, वायर तर दिसायला तीच, मग असं का?" हा प्रश्न ज्याला पडला त्याला विषय अर्धा कळला. इंजिनिअर जावई मात्र एवढंच विचारतो, "काका, किती वॉटचा घेऊ?"

मी भोसरीच्या एका चाचणी प्रयोगशाळेत आहे. चार्जर, पॉवर बँका, केबली. त्या तापवायच्या, दमट पेटीत कोंडायच्या, चार्जरच्या इन्सुलेशनला तीन हजार व्होल्ट लावून ते टिकतं का बघायचं, केबलचं टोक हजारो वेळा वाकवायचं आणि शेवटी अहवालावर सही करायची. लग्नाकार्यात कोणी ओळख करून दिली की थोड्याच वेळात समोरच्याच्या खिशातून केबल बाहेर येते. डॉक्टरांपुढे लोक निदान जीभ तरी संकोचून दाखवतात.

आधी एक गैरसमज मोडतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. ६५ वॉटचा चार्जर लावला तर साधा फोन जळेल, बॅटरी फुगेल, ही धास्ती घरोघरी आहे. चार्जर फोनमध्ये वीज ढकलत नाही. चार्जर फक्त सांगतो, माझी ऐपत इतकी. त्यातली किती घ्यायची ते फोन ठरवतो. १० वॉट घेणारा फोन ६५ वॉटच्या चार्जरवरही १०च वॉट घेतो. बॅटरीचं आयुष्य खाते ती उष्णता. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तापणारा फोन. तिकडे कुणाचं लक्ष नाही, आणि शिव्या चार्जरला.

आता 'सांगतो' म्हणजे कसं सांगतो? इथे केबल येते, आणि माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे.

१९९६ साली यूएसबी आली ती कीबोर्ड, माउस, प्रिंटर जोडायला. ५ व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपिअर. त्या वाटेनं कोणी टॅब्लेट पोसेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुढे फोन आले, भूक वाढली, २०१० सालच्या सुधारित नियमांनी मर्यादा दीड अँपिअरवर नेली आणि २०१४ मध्ये टाईप-सी आली. सव्वाआठ मिलिमीटर रुंदी, त्यात २४ पिना, उलटसुलट कशीही घाला. या पिनांपैकी दोघींचं मुख्य काम बोलणी करण्याचं. चार्जरच्या बाजूला एक रेझिस्टर, फोनच्या बाजूला ५.१ किलोओहमचा दुसरा. दोघांच्या मध्ये जे व्होल्टेज उरतं त्यावरून फोनला समोरच्याची ऐपत कळते. ५ व्होल्टच्या हिशेबानं पलीकडे १० किलोओहम असेल तर अर्थ होतो, तीन अँपिअर घे. २२ असेल तर दीड घे. ५६ असेल तर, बाबा रे, मी जुन्या जमान्यातला आहे, बेतानं घे.

ही बोलणी दोन्ही टोकांना टाईप-सी असली तरच नीट होतात. आपल्या घरांतल्या निम्म्याअधिक केबलींचं एक टोक अजून जुनं चपटं आहे, ज्याला आम्ही टाईप-ए म्हणतो. त्या टोकाला बोलणीची पिनच नाही. म्हणून चार्जरच्या वतीनं बोलायचा रेझिस्टर केबलच्याच पोटात बसवावा लागतो, टाईप-सीच्या टोकात, मोहरीच्या दाण्याहून लहान. नियम स्पष्ट आहे: तो ५६ किलोओहमचाच हवा. कारण चपट्या टोकामागे काय आहे हे केबलला माहीत नसतं. नवा दणकट चार्जर असेल, दहा वर्षांचा लॅपटॉप असेल, एसटीतलं सॉकेट असेल. स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला मुलाचा पगार माहीत नसेल तर त्यानं कमीच सांगावा, तसं हे आहे. १० किलोओहम बसवणारा मध्यस्थ सरसकट सगळ्या मुलांना तीन लाख पगार सांगत सुटतो.

मग १० किलोओहम बसवतात कशाला? पैसे वाचत नाहीत. दोन्ही रेझिस्टरची किंमत सारखीच, काही पैसे. पण १० वाल्या केबलवर फोन जास्त करंट मागतो, चार्जर चांगला असेल तर लवकर भरतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पाच तारे देतं. म्हणजे चूक करणाऱ्याचं कौतुक होतं. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लियुंग यांनी २०१५च्या नोव्हेंबरात बाजारातल्या केबली स्वतः विकत घेऊन तपासायला आणि अॅमेझॉनवर तिथल्या तिथे परीक्षणं लिहायला सुरुवात केली. काही नावाजलेल्या कंपन्यांच्या केबलींतही १० किलोओहम सापडला आणि एका फोन कंपनीनं चूक मान्य करून गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. २०१६च्या फेब्रुवारीत एका केबलीनं त्यांचा क्रोमबुक पिक्सेलच मारला. तिच्यात आतल्या तारा उलटसुलट जोडल्या होत्या. मार्चमध्ये अॅमेझॉननं नियमात न बसणाऱ्या टाईप-सी केबली विकायला बंदी घातली. आमच्या धंद्यात पुतळे उभारत नाहीत, पण उभारायचे झाले तर या गृहस्थांचा मी सुचवीन.

यावर आमच्याच क्षेत्रातले लोक मला म्हणतात, "आता कशाला ते उगाळता? हल्लीचे चार्जर जास्त करंट मागितला तर स्वतःला आवरतात, फोनही व्होल्टेज पडलं की मागणी कमी करतात. दोघं शहाणे असताना मधल्यानं काय सांगितलं याला काय महत्त्व?" चांगल्या चार्जरपुरतं हे खरं आहे. पण चांगल्या चार्जरवर विसंबून वाईट केबल चालवून घ्यायची, हे मला पटत नाही. मी हा वाद चहाच्या टेबलावर कितीदा घातला असेल. सहकारी आता ५६ म्हटलं की कप उचलून निघून जातात.

रेझिस्टर चुकीचा असण्याइतकीच त्याची गैरहजेरी लोकांना छळते, आणि शिव्या पुन्हा भलत्यालाच. घरी स्वस्तातला ट्रिमर, हातपंखा किंवा टॉर्च येतो. टाईप-सीचं तोंड असतं. जुन्या चपट्या केबलीवर भरतो, पण नव्या महागड्या चार्जरला दोन्हीकडून टाईप-सी असलेल्या केबलीनं जोडला की निपचित. लगेच निकाल: "चार्जर बोगस निघाला." चार्जर बरोबर वागत असतो. पलीकडे ५.१ किलोओहम दिसल्याशिवाय वीज सोडायची नाही, हा टाईप-सीचा नियमच आहे, आणि ट्रिमरवाल्यानं तो रेझिस्टर वाचवलेला असतो. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या गाजलेल्या छोट्या संगणकातही दोन पिनांना स्वतंत्र रेझिस्टर देण्याऐवजी दोघींत मिळून एक दिला गेला आणि काही चांगल्या केबलींवर तो सुरूच होईना. पुढे त्यांनी सुधारला. ट्रिमरवाले सुधारतील अशी मला आशा नाही.

तोंडं एकसारखी करण्याचा कायदा युरोपीय संघानं २०२२ मध्ये केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवे फोन, टॅब्लेट टाईप-सीचेच विकावे लागतात. अॅपलनं त्याआधीच, २०२३च्या सप्टेंबरात, आयफोन १५ला लाइटनिंग सोडून टाईप-सी दिली. भारतीय मानक ब्युरोनंही टाईप-सीचं मानक काढलं. चांगलंच झालं, ड्रॉवरभर केबली कमी होतील. पण भोकात बसते म्हणजे चालते, असा लोकांचा समज आता पक्का झाला. सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींतली एक तीन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. दुसरीत ओळख सांगणारी चिप असते, ती पाच अँपिअर नेते आणि नियमांच्या २०२१च्या आवृत्तीपासून २४० वॉटपर्यंत पोचू शकते. बाहेरून काही कळत नाही. ओळख सांगणारी चिपही खोटं सांगू शकते, पण त्यात शिरलो तर संपादक पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

तांब्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण आजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तार जितकी बारीक तितका तिचा गेज आकडा मोठा. २८ गेजची मीटरभर केबल घ्या. जाताना मीटरभर, येताना मीटरभर, मिळून सुमारे ०.४३ ओहम. दोन अँपिअर सोडले तर जवळजवळ ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात. ५ व्होल्टमधून एवढे गेले की फोन घाबरून मागणी कमी करतो आणि रात्र जाते. तीच केबल २४ गेजची असेल तर नुकसान दोन पंचमांशावर येतं, सुमारे ०.३४ व्होल्ट. केबलीच्या किमतीत खरा खर्च तांब्याचा, म्हणून बचतही तिथेच होते: बारीक तार, नाहीतर अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. वरून जाड रबर आणि चमकदार विणकाम. विणकामाला गिऱ्हाईक भुलतं. लॅमिंग्टन रोडचा एक जुना दुकानदार सरळ विचारतो, "साहेब, कॉपर देऊ की चालू?" इतका प्रामाणिक प्रश्न मी कुठल्या कंपनीच्या खोक्यावर वाचलेला नाही.

यंदाच्या पावसाळ्यानंतर एका ग्राहक तक्रारीतलं सीलबंद पाकीट आमच्याकडे आलं. कोकणपट्टीतल्या एका घरातला टॅब्लेट, चार्जर आणि केबल. टॅब्लेटचं भोक करपलेलं, आतलं प्लास्टिक वितळून बसलेलं. बरोबरच्या पत्रात एकच प्रश्न: दोष कोणाचा? उत्पादक म्हणतो वापरणाऱ्याचा, वापरणारा म्हणतो उत्पादकाचा, केबल विकणारा म्हणतो मी फक्त केबल विकली.

चार्जर तपासला. दोन अँपिअरचा, ब्युरोच्या नोंदणीचा, इन्सुलेशन उत्तम. लोड वाढवला तर २.४ अँपिअरपर्यंत तग धरून मग शहाण्यासारखा आवरत होता. केबल चपट्या टोकाची. टोक कापून रेझिस्टर मोजला: १० किलोओहम. माझी छाती थोडी फुगली, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर मी डाफरतोय तो आरोपी पिंजऱ्यात सापडला होता.

पण पुढे भिंगाखाली केबलीच्या पिना पाहिल्या. पॉवरच्या पिनांवरचा मुलामा गेलेला, खाली हिरवट गंज. चपट्या टोकाच्या केबलीत, ती चार्जरला लावून ठेवली तर, फोनकडच्या मोकळ्या टोकावर ५ व्होल्ट सतत जिवंत असतात. दोन्हीकडून टाईप-सी असलेल्या केबलीत फोन जोडेपर्यंत काहीच नसतं. खारी हवा, पावसाळ्याची ओल आणि खिडकीशी दिवसरात्र लटकणारं जिवंत टोक. गंजायला एवढं पुरतं. गंजलेल्या जोडात ०.२ ओहम धरा. त्यातून २.४ अँपिअर गेले तर त्या नखाएवढ्या जागेत एक वॉटहून थोडी जास्त उष्णता. रेझिस्टर ५६चा असता, टॅब्लेटनं जुन्या मर्यादेतले दीड अँपिअर घेतले असते, तर अर्ध्या वॉटच्याही आत. म्हणजे माझा आरोपी दोषी आहेच. पण गंज नसता तर १० किलोओहम असूनही टॅब्लेट बहुधा वर्षानुवर्षं सुखानं भरला असता.

आणि सगळ्यात चरफडायला लावणारी गोष्ट, केबलीतलं तांबं अस्सल होतं. २२ गेज, भरीव. ते चालू मालाचं असतं तर व्होल्टेज वाटेतच पडलं असतं, टॅब्लेटनं हात आखडता घेतला असता आणि भोक कदाचित वाचलं असतं. मी ज्या तांब्याची जाहिरात गावभर करत फिरतो, त्यानंच इथे पूर्ण करंट जागेवर पोचवला.

प्रयोगशाळेतली माझी तरुण सहकारी म्हणाली, "सर, केबल लिहा आणि मोकळे व्हा, रेझिस्टरही तिचाच आणि गंजही तिचाच." तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे. पण रेझिस्टर बनवणाऱ्यानं घातला आणि केबल खिडकीशी घरच्यांनी लटकवली. शिवाय किनाऱ्यावरच्या माणसानं केबल लटकवायची नाही, हे कुठल्या खोक्यावर लिहिलेलं आहे? मी अहवालात दोन्ही कारणं लिहिली, करंट आणि जोडाचा रोध यांचं गणित मांडलं, आणि उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा चुकीच्या रेझिस्टरमुळे असं नोंदवलं. ते वाक्य अजून मला पुरतं रुचलेलं नाही. वाटा असा तोडून काढता येतो का, याची मला शंका आहे.

अहवाल गेल्यावर एका बाजूच्या वकिलांचा फोन आला. "साहेब, हे निम्मं वगैरे नको. एक नाव सांगा." मी त्यांना ५६ किलोओहम समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बरं, माझ्या मुलीच्या टॅबला किती वॉटचा घेऊ?" सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. साक्षीला बोलावलं तर मीटर आणि कापलेली केबल सोबत न्यायचं मी ठरवलं आहे. टेबलावर मोजून दाखवायची परवानगी मिळते का, ते ग्राहक आयोगाकडे विचारायचं आहे.