कवळ तोडलेलं लंडनचं रान

लंडन,
वैशाख

ती. काकांस साष्टांग नमस्कार वि. वि.

लंडनची माणसं सुट्टीच्या दिवशी पायी फिरायला जातात म्हणजे नेमकी कुठे जातात, आणि तिथे रान म्हणण्याजोगं काही उरलंय का, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. पुष्कळजण मेट्रोने जातात. थट्टा नाही. सेंट्रल लाइनची गाडी शहराच्या पोटातून पूर्वेकडे निघते, लेटनपाशी उजेडात येते आणि लाउटन, थेडन बॉइस करत एपिंगला जाऊन थांबते. या शेवटच्या स्थानकांपैकी कुठेही उतरलं, तरी अर्ध्या तासाच्या आत माणूस एपिंग फॉरेस्टच्या झाडाखाली पोचतो. तिकीट नाही, फाटक नाही, उघडण्या-मिटण्याची वेळ नाही.

हे रान ली आणि रोडिंग या दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर वसलंय. दक्षिणेला लंडनच्या मॅनर पार्क भागापासून ते एपिंग गावाच्या थोडं पुढपर्यंत सुमारे १९ किलोमीटर लांब, आणि सर्वांत रुंद जागी जेमतेम ४ किलोमीटर. क्षेत्र २,४०० हेक्टरच्या आसपास, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पाव हिश्श्याहूनही लहान. वाघ-बिबट्या नाहीत. काळपट रंगाची हरणं आहेत आणि चिखल आहे. चिखलाबद्दल मात्र लंडनकरांनी आपल्यासमोर फुशारकी मारू नये. आषाढातल्या रोह्याच्या बांधावरून चाललेल्या माणसाला इथला फेब्रुवारी काही नवीन शिकवत नाही.

इंग्लंडमध्ये ‘प्राचीन’ रान कशाला म्हणायचं याचा हिशेब ठरलेला आहे. १६०० सालापासून जिथे सलग झाडी आहे, ते प्राचीन. स्कॉटलंडसाठी साल १७५०. त्याआधी मुद्दाम झाडं लावून रान उभं करण्याची पद्धत फारशी नव्हती. म्हणून १६०० साली जिथे झाडी होती तिथे ती त्याही आधी असणार, असं धरतात. अशी जमीन सगळ्या ब्रिटनमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपासच उरलीय. ओळखायला नकाशेच लागतात असं नाही. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर निळ्या ब्लूबेलचा सडा पडला असेल, तर जाणकार तिथे थबकतात, कारण ही फुलझाडं नव्या जमिनीत फार हळू सरकतात. ऑलिव्हर रॅकम नावाच्या केंब्रिजच्या अभ्यासकाने आयुष्यभर हेच केलं: जुने दस्तऐवज वाचायचे आणि मग पायांनी ते रान पडताळायचं. ‘एन्शंट वुडलँड’ हे त्याचं पुस्तक १९८० साली आलं. ही रानं कुणी हात न लावता राखलेली नाहीत, शेकडो वर्षं त्यांच्यावर कुऱ्हाड चालत होती आणि म्हणूनच ती टिकली, हे त्याने पुराव्यानिशी दाखवून दिलं.

एपिंगमध्ये हे वाचावं लागत नाही, दिसतं. लाउटनच्या बाजूने चढणीला लागलं की बीच, ओक आणि हॉर्नबीमची झाडं सुरू होतात आणि त्यांचा आकार विचित्र वाटायला लागतो. जाड, गाठीगाठींचं खोड पुरुषभर किंवा थोडं अधिक उंच जातं, आणि तिथून एकदम डझनभर फांद्या फुटतात, जणू मोठ्या मुठीतून बोटं वर आलीत. ही छाटलेली झाडं. इथे त्यांना पोलार्ड म्हणतात. जमिनीलगत तोडलं तर नवे कोंब हरणं आणि गुरं खाऊन टाकतील, म्हणून तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर छाटायचं. काही वर्षांनी फांद्या सरपणाजोग्या जाड झाल्या की पुन्हा छाटायचं. झाड मरत नाही, उलट जास्त जगतं. अशी जुनी झाडं एपिंगमध्ये पन्नास हजारांच्या घरात आहेत.

काका, तुम्हाला हे समजावण्याची गरजच नाही. राबासाठी ऐनाच्या फांद्यांची कवळ तोडताना झाड कुठे सोडायचं आणि किती ठेवायचं हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळत होतं. वरकसावरचे ते बोडके ऐन आणि इथले हॉर्नबीम शेजारी उभे केले, तर पानांखेरीज फरक सांगणं कठीण जाईल. एवढंच, की आपली कवळ भाताच्या रोपांची दाढ भाजायला जायची आणि यांची चुलीत.

लाउटनच्या गावकऱ्यांचा हा फांद्या तोडण्याचा हक्क ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत चाले. दहा तारखेच्या मध्यरात्री स्टेपल्स हिलवर शेकोटी पेटवून पहिला घाव घालायचा. त्या रात्री कुणीच घाव घातला नाही तर हक्क बुडाला, अशी समजूत. जमीनदाराने सगळ्या तोडणाऱ्यांना जेवायला बोलावून भरपूर पाजलं आणि टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा कुऱ्हाड घेऊन वेळेत बाहेर सटकला, अशी एक दंतकथाही गावात आहे. ती खरी-खोटी कशीही असो, विलिंगेल खरा होता आणि भांडणही खरं होतं. १८६५च्या सुमारास गावच्या जमीनदाराने, जो गावचा धर्मगुरूही होता, रानाचा हजारावर एकरांचा भाग कुंपण घालून स्वतःकडे घेतला. विलिंगेलच्या घरातली पोरं नेहमीप्रमाणे फांद्या तोडायला गेली. १८६६ साली त्यांना दंड झाला; तो न भरता त्यांनी तुरुंग पत्करला. म्हातारा कोर्टात गेला. सार्वजनिक जमिनी वाचवायला १८६५ साली लंडनमध्ये निघालेल्या संस्थेने त्याला पाठबळ दिलं, पण १८७० साली तो वारला आणि दावा तिथेच संपला.

तोवर निम्मं रान कुंपणाआड गेलं होतं. शेजारच्या हैनॉल्ट रानाचं काय झालं हेही लोकांनी पाहिलं होतं. १८५१च्या कायद्याने त्याचा राजाच्या रानाचा दर्जा काढून घेतला आणि बघता बघता ते भुईसपाट होऊन शेतजमीन झालं.

पुढचा भाग वकिलांच्या आवडीचा आहे. लंडन महापालिकेने दफनभूमीसाठी रानाच्या दक्षिण टोकाला एक शेत विकत घेतलं होतं. त्या शेताबरोबर रानात गुरं चारण्याचा हक्कही आपोआप आला. म्हणजे कागदोपत्री एवढी श्रीमंत महापालिका एपिंगची एक गुराखी झाली! १८७१ साली तिने गुराख्याच्या नात्याने जमीनदारांवर दावा लावला: आमची गुरं सगळ्या रानात फिरू शकतात, मधे कुंपणं कशी? १८७४ साली न्यायमूर्ती जेसेल यांनी निकाल दिला, महापालिका जिंकली, कुंपणं बेकायदा ठरली. १८७८ साली एपिंग फॉरेस्ट कायदा झाला. रान महापालिकेच्या ताब्यात द्यायचं, लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायम उघडं ठेवायचं आणि त्याचं नैसर्गिक रूप जपायचं, असं त्यात ठरलं. मे १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी हाय बीचला आली आणि तिने ते लोकांना अर्पण केलं. तिच्या गाडीसाठी कापलेली ‘ग्रीन राइड’ ही रुंद वाट आजही चालणाऱ्यांची आवडती आहे.

आता दुसरी बाजू. त्याच राणीच्या राज्यात, त्याच १८७८ साली, हिंदुस्थानातही एक जंगल कायदा झाला. इकडे रान लोकांसाठी मोकळं झालं. तिकडे ‘राखीव’ जंगलात जे सरकारने मुद्दाम परवानगी देऊन ठेवलं नाही ते सगळं गुन्ह्यात जमा झालं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मसुद्यालाच विरोध केला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढलेत. ठाणे-कुलाब्यात तर राबाच्या कवळीवरून एवढी बोंब उठली की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. राब हा उधळेपणा आहे की भाताची गरज आहे, यावर साहेब लोकांनी पानंच्या पानं लिहिली. त्या साहेबांपैकी एखाद्याने रजेवर घरी गेल्यावर एपिंगला चक्कर मारली असती, तर आपल्याच गावची माणसं तेच करत आलीत हे त्याला दिसलं असतं.

न्यायाने सांगायचं तर फांद्या तोडण्याचा हक्क इंग्लंडमध्येही गेलाच. १८७८च्या कायद्याने तो बंद केला, पण भरपाई देऊन. त्या पैशातून लाउटनमध्ये १८८४ साली ‘लॉपिंग हॉल’ नावाची देखणी इमारत गावासाठी उभी राहिली, ती अजून आहे. रोह्यात अशी इमारत कुठे दिसल्याचं तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

आणि कुऱ्हाड थांबल्यामुळे रानाचं बरंच झालं असं तरी कुठे आहे? छाटणी बंद पडली तशा वरच्या फांद्या शंभर-सव्वाशे वर्षं वाढतच राहिल्या. डोकं जड, खोड म्हातारं. वाऱ्यात झाडं उभी चिरफाळतात. बीचच्या दाट सावलीत खाली काही उगवत नाही. त्यामुळे हल्ली तीच महापालिका काही झाडांची पुन्हा बेताने छाटणी करते, आणि लांब शिंगांच्या जातीची गुरंही पुन्हा रानात चरायला सोडते. त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत; ठरलेली हद्द ओलांडू लागलं की पट्टा आवाज करून त्यांना आवरतो, कुंपणाचं काम नाही. नैसर्गिक रूप जपायचं म्हणून माणसाला बाजूला केलं आणि मग त्याचंच काम महापालिकेच्या खर्चाने परत सुरू केलं, हे वाचून तुमच्या चेहऱ्यावर काय येईल ते इथे बसून दिसतंय.

हाय बीचची आणखी एक गोष्ट चालणाऱ्यांनी विसरू नये अशी. जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा, मोठा कवी. मन बिघडल्यावर १८३७ साली त्याला इथल्या एका खाजगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. जुलै १८४१ मध्ये तो तिथून निघाला आणि ८० मैलांवरच्या आपल्या घरी चार दिवसांत चालत पोचला. खिशात पैसे नव्हते. वाटेत भूक लागली तेव्हा रस्त्याकडेचं गवत खाल्लं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आज त्याच हाय बीचवर चहाची टपरी आहे आणि रविवारी तिथे मोटारसायकलवाल्यांची गर्दी असते.

तुम्ही इकडे याल तेव्हाचा बेत असा. लाउटनला उतरायचं, स्टेपल्स हिलवरून चढायचं, लाउटन कँप हा लोहयुगातला मातीचा कोट बघायचा, टपरीवर चहा, मग उत्तरेला अँब्रेसबरी बँक्स. हाही तसाच अडीच हजार वर्षांचा कोट. बोडिका राणीची रोमनांशी शेवटची लढाई इथे झाली असं सांगतात, पुरावा काही नाही. पुढे बेल कॉमनला एक क्रिकेटचं मैदान लागतं. त्याच्या पोटातून एम-२५ हा लंडनला वळसा घालणारा महामार्ग जातो. रान तुटू नये म्हणून तिथे बोगदा केला. तुम्ही मॅच बघायला तिथेच बसकण माराल हे धरून वेळ जास्तीचा ठेवलाय. तिथून एपिंगचं स्थानक जवळ. गुडघ्यांनी साथ दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याच स्थानकापासून निघणाऱ्या ‘एसेक्स वे’वर जाऊ. ती पायवाट ८२ मैल शेतांमधून थेट हारिचच्या बंदरापर्यंत जाते. शेत खाजगी असलं तरी वाट सार्वजनिक. नांगरट झाली तरी शेतकऱ्याला ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. आपण अर्थात पहिल्या गावापर्यंतच जायचं.

ऑक्टोबरात आलात तर बीचची पानं तांबूस झालेली असतील आणि अळंब्यांचं पीक असेल. मात्र एक आधीच सांगतो: एपिंगमध्ये अळंबी तोडायला मनाई आहे, लोकांवर खटले झालेत. तेव्हा पिशवी घरीच ठेवा. आणि बूट तिकडून आणू नका, इथे घेऊ. टाच झिजलेले जुने तर अजिबात नको.

काकूंना साष्टांग नमस्कार. राब भाजून झाला असेल, पेरा कधी ते कळवा.

तुमचा पुतण्या