चिलापी मीच सोडली

आमच्या तलावातले कटला-रोहू कुठे गेले, असं गावात कुणालाही विचारा, ‘गळवाल्यांनी नेले’ हेच उत्तर मिळेल. लोकांच्या डोक्यात हे मी भरवलं, आणि ते खोटं होतं. तलावात चिलापी मी सोडली, बारीक बीज मी आणलं, बारीक आसाची जाळी मीच लावू दिली. तेव्हा खरं काय ते सांगण्याचं कामही माझंच आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हद्दीवर, 1972 च्या दुष्काळात लोकांनी पाट्या वाहून बांधलेला हा पाझर तलाव. आजूबाजूला कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. त्यांच्यापुढे आमचा तलाव म्हणजे डबकंच. पावसाळ्यात भरतो आणि मे महिन्यात भिंतीजवळ पुरुषभर पाणी राहतं. मासेमारीचा ठेका आमच्या मच्छिमार संस्थेकडे होता आणि मी संस्थेचा सचिव.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पोटात अंडी धरतात, पण वाहत्या पुराचं पाणी मिळालं नाही तर ती जिरून जातात. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली, म्हणून आज बीज विकत मिळतं. ते तीन प्रकारचं असतं. नुकतं अंड्यातून निघालेलं ते मत्स्यजिरे, इंचभर वाढलेलं ते मत्स्यबीज आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. जिरे सगळ्यात स्वस्त. बोटुकलीच्या पैशात कितीतरी पट जास्त जिरे येतात, म्हणून मी दर पावसाळ्यात जिरेच आणत राहिलो. बिलावरचा लाखांचा आकडा वहीत लिहायचो, सभेत वाचून दाखवायचो आणि सभासद खूश व्हायचे. त्यातलं जगलं किती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही. खुल्या तलावात सोडलेल्या जिऱ्यांतलं फारच थोडं हाती लागतं, बाकीचं इतर माशांचं खाद्य होतं.

सोडण्याची रीतही चुकीची होती. प्राणवायू भरलेल्या पिशव्या टेम्पोतून उतरवल्या की दुपारच्या उन्हात काठावरच फोडायचो. पिशवीतलं पाणी गार आणि काठाचं पाणी तापलेलं. पिशवी तशीच बंद ठेवून पाण्यावर तरंगू द्यायची, मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि शक्यतो संध्याकाळी तोंड सोडायचं, एवढी साधी गोष्ट आहे. काठाला पांढरा थर दिसायचा, तो मला फेस वाटायचा. ते मेलेलं बीज होतं.

उत्पन्न घटलं तशी ठेक्याची रक्कम भरण्याची चिंता लागली. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या हॉटेलांत चिलापीला गिऱ्हाईक होतं. हा आफ्रिकेतला मासा भारतात 1952 साली आणला गेला आणि आता उजनीपासून गावतळ्यांपर्यंत सगळीकडे पसरला आहे. मी पिंपात भरून जिवंत चिलापी आणली आणि सोडली. पहिली दोन वर्षं जाळी भरून निघाली. माझा सत्कार झाला, आणि तो मी घेतला.

पुढे मासा आखूड होत गेला. चिलापी वर्षातून अनेकदा विते आणि दाटी झाली की तळहातापेक्षा लहान असतानाच अंड्यावर येते. खाद्य तेवढंच आणि तोंडं अमाप. कटल्याला वरच्या थरातले बारीक जीव लागतात, तेही तिने संपवले. वजन भरेना म्हणून जाळीवाल्यांनी बारीक आस मागितला आणि मी होकार दिला. उजनीत वडाप जाळ्यांनी लहान मासळीचा कसा फडशा पाडला हे ऐकून होतो, तरी दिला. मग अर्ध्या किलोचा रोहूही बाजारात जाऊ लागला, जो आणखी वर्षभर ठेवला असता तर दीड-दोन किलोचा झाला असता.

याच काळात मी भिंतीवर ‘मासेमारीस सक्त मनाई’ अशी पाटी लावली. पलीकडच्या वस्तीवरची ठाकर आणि कातकरी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकून कालवणापुरते मासे न्यायची. चोरी तीच, असं मी ठरवून टाकलं. पोरांचे गळ जप्त केले. एका बाईची पाटी सगळ्यांदेखत उलटी केली. त्यातून चिलापीच पडल्या होत्या. ते पाहूनही माझ्या ध्यानात काही आलं नाही.

एका श्रावणात दोन दिवस दाट ढग होते, वारा अजिबात नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे काठावर मोठमोठे कटले आणि रोहू पालथे पडलेले दिसले. जे जिवंत होते ते पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत होते. मी त्याच सकाळी चावडीवर सांगितलं, की वस्तीवरच्यांनी राग काढायला विष टाकलं. पोलीस वस्तीवर जाऊन आले. तिघांना दिवसभर बसवून ठेवलं.

विष नव्हतंच. वरच्या अंगाच्या टोमॅटोच्या प्लॉटमधलं खत पहिल्या पावसात वाहून आलं होतं आणि पाणी हिरवंगार झालं होतं. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच खातं. दोन दिवस ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत पाण्यात काही उरलं नाही. अशा वेळी आधी मोठे मासे मरतात. चिलापी थोड्या प्राणवायूवर तग धरते, आणि त्या सकाळी त्याच पाण्यात चिलापी फिरत होत्या. विष असतं तर त्याही मेल्या असत्या. पुरावा माझ्या पायाशी होता. मत्स्यव्यवसाय विभागातल्या एका अधिकाऱ्यांनी नंतर हे समजावलं, तेव्हा मी ऐकून घेतलं आणि गावात कुणालाच सांगितलं नाही. विषाच्या आरोपापेक्षाही ते गप्प बसणं मला जास्त छळतं.

पुढे कामानिमित्त डिंभ्याला जाणं झालं. घोड नदीवरच्या या जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्यांच्या जमिनी त्यात बुडाल्या त्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मच्छिमार सोसायटी उभी केली. ‘शाश्वत’ला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने तिथे बीज आधी तरंगत्या पिंजऱ्यांत वाढवतात आणि बोटुकली झाल्यावरच जलाशयात सोडतात. पिंजऱ्याच्या कडेला उभा राहून मी त्या बोटुकल्या पाहिल्या आणि माझ्या वहीतले लाख आठवले.

परत आल्यावर वस्तीवर गेलो. जिची पाटी मी उलटी केली होती त्या मावशींना म्हटलं, माझं चुकलं, विष कुणी टाकलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तलावावर आल्या, गळाला लागलेली एक चिलापी हातात घेतली आणि अंगठ्याने तिचा खालचा जबडा दाबला. तोंडातून मोहरीएवढी पिवळसर अंडी तळहातावर ओघळली, काहींत डोळ्यांचे काळे ठिपके दिसत होते. “दादा, ही पोरं तोंडात घेऊन हिंडती,” त्या म्हणाल्या. “आम्ही रोज पाटीभर न्यायचो. ते तुम्ही बंद केलं.”

चिलापी आता जाणार नाही. मोहाची पेंड टाकून सगळा तलाव मारायचा विचार झाला होता. पण त्यासाठी हेक्टरी, मीटरभर खोल पाण्याला, अडीच हजार किलो पेंड लागते. शिवाय उन्हाळ्यात याच पाण्यावर जनावरं येतात, तेव्हा तो बेत सोडला. मरळ बीज खाते म्हणून मी ती काढून टाकायला लावली होती. तीच चिलापीची पिल्लंही खाते, म्हणून आता तिला हात लावत नाही. एका कोपऱ्यात जाळी लावून बीज बोटुकली होईपर्यंत वाढवतो. गळाला बंदी नाही. वहीत काय सोडलं याच्या शेजारी काय निघालं, किती वजनाचं निघालं, हेही लिहितो. कटला पुन्हा मिळू लागला आहे, पण पूर्वीसारखा नाही.

ज्या तिघांना बसवून ठेवलं होतं, त्यांतला एक जण तेव्हापासून तलावावर फिरकलेला नाही.

ठेक्याचं नूतनीकरण आता आलं आहे. वस्तीवरच्या लोकांना संस्थेचं सभासद करून घ्यावं, असा ठराव मी मांडला. कार्यकारिणीतल्या दोघांनी विरोध केला. ज्यांनी तलावात विष टाकलं त्यांना सभासद कसं करायचं, असं ते विचारतात. वार्षिक सभेत हा विषय पुन्हा येणार आहे. वर जे लिहिलं ते मी तिथे उभं राहून वाचून दाखवणार आहे, आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या असं सांगणार आहे.