उत्तर उद्या

लेक लुईसचा तळ सोडण्यापूर्वी शेठजींनी गाडीभोवती एक सावकाश फेरी घातली. विजेची तार गुंडाळून ठेवली, सांडपाण्याच्या टाकीचे झाकण पुन्हा एकदा आवळून पाहिले, छतावरचा झरोका मिटलेला असल्याची खात्री केली. आत वहिनी कपाटांच्या खिट्या लावीत होत्या. चोवीस फूट लांबीच्या त्या फिरत्या घरात शेगडी होती, फ्रिज होता, दोघांपुरती शय्या होती आणि अंग चोरून उभे राहावे एवढेसे स्नानगृह होते. कॅलगरीत नोकरी करणाऱ्या मुलाने ते आईवडिलांना दहा दिवसांसाठी भाड्याने घेऊन दिले होते. बार्शीच्या पेठेत सारे त्यांना शेठजी आणि वहिनी म्हणून ओळखत. येथे त्यांना कोणत्याही नावाने हाक मारणारे कोणी नव्हते, आणि त्याचे दोघांनाही थोडे नवल वाटत होते.

शेठजींना वाहनाचे भय नव्हते. तरुणपणी इचलकरंजीहून कापडाचे गठ्ठे त्यांनी स्वतः टेंपो चालवून आणलेले. अडचण एवढीच, की कॅनडात रस्त्याची उजवी बाजू धरावी लागते. प्रत्येक वळणापूर्वी वहिनी "उजवीकडे, बरं का" असे म्हणत, आणि शेठजी "माहीत आहे" म्हणत गाडी वळवीत. पहिल्या दिवशी त्या म्हणण्यात चिडचीड होती. चौथ्या दिवसापर्यंत तो निव्वळ परिपाठ झाला होता.

त्या दिवशीचा मार्ग लेक लुईसहून उत्तरेकडे जॅस्परला जाणारा, सुमारे 230 किलोमीटरचा. आइसफील्ड्स पार्कवे हे त्याचे नाव. जागतिक मंदीच्या काळात, 1931 साली, बेकार हातांना काम मिळावे म्हणून तो खोदायला घेतला आणि 1940 मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. दोन्ही बाजूंना हिमाच्छादित शिखरांच्या रांगा, मधून नदी, आणि बहुतेक साऱ्या वाटेवर मोबाइलला रेंज नाही. ही शेवटची गोष्ट वहिनींना मनापासून आवडली. शेठजींना ती बोचत होती, कारण आदल्या संध्याकाळी बार्शीहून निरोप आला होता. तयार कपड्यांचा व्यापार करणाऱ्या एका मोठ्या साखळीला पेठेतील त्यांच्या दुकानाची जागा हवी होती. किंमत चांगली होती. उत्तर दोन दिवसांत हवे होते.

मुलगा गादीवर बसणार नाही, हे तो अभियांत्रिकीला गेला त्याच वर्षी उमगले होते. त्याविषयी घरात कधी वाद झाला नाही. चर्चाही झाली नाही. व्यापारी घरांत पुष्कळ गोष्टी अशाच न बोलता ठरतात, आणि ठरल्या असे प्रत्येकजण वेगवेगळे समजून बसतो.

बो शिखरखिंडीपाशी गाडी थांबवून दोघे पेटो सरोवर पाहावयास चालत वर गेले. पाणी इतके निळे-हिरवे, की वहिनींना वाटले, कोणी रंग कालवला असावा. हिमनदी खडकावरून घसरताना त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करते, ते पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून प्रकाश विखुरला की हा रंग दिसतो, असे तेथील फलकावरून शेठजींनी समजावून सांगितले. "असं सूत रंगवून मिळालं असतं तर," असे म्हणून ते क्षणभर थांबले, आणि पुढचे वाक्य त्यांनी गिळले. दुकानाचा विषय वहिनींपुढे काढावयाचा नव्हता. जागेचा व्यवहार ही आपली बाब, असे ते धरून चालले होते.

सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंगला त्यांनी पेट्रोल भरले. मधल्या वाटेवर ती एकच सोय. चार-पाच किलोमीटरला लिटरभर इंधन पिणाऱ्या त्या गाडीचा आकडा शेठजींनी खिशातल्या छोट्या वहीत टिपला. परदेशातही त्यांची रोजची रोकड चुकली नव्हती.

त्यानंतरच्या एका वळणावर मात्र मागे मोठा आवाज झाला. एक खिटी लावावयाची राहिली होती. कप्पा उघडून मुगाच्या डाळीचा स्टीलचा डबा गाडीभर लोळला होता. बाजूला थांबून दोघांनी गुडघ्यांवर बसून डाळ वेचली. ती निवडून धुवून वहिनींनी तेथेच भात-वरण केले, सोबत मुलाच्या घरून आणलेले खाकरे. गाडीतल्या पाण्याच्या टाकीला चार दिव्यांचा मापक असतो. एकेक दिवा विझत जातो तशी टाकी रिती होते. मुलाने बजावले होते, की एवढ्या पाण्यात दोन दिवस निघणे कठीण. चौथ्या दिवसाच्या दुपारीही दोन दिवे तेवत होते. पाणी तुपासारखे वापरावे, हे लहानपणी ऐकलेले वाक्य वहिनींना कोणी नव्याने सांगावयास नको होते.

दुपारी सनवाप्टा खिंड ओलांडून ते कोलंबिया हिमक्षेत्रापाशी पोहोचले. येथील स्नो डोम नावाच्या शिखरावर वितळणारे पाणी तीन दिशांना जाते: काही पॅसिफिकला, काही आर्क्टिकला आणि काही हडसन उपसागराकडे. समोर अथाबास्का हिमनदीची जीभ डोंगरातून उतरलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. तिच्याकडे जाणाऱ्या खडकाळ पायवाटेवर ठिकठिकाणी सालांचे फलक आहेत. त्या त्या वर्षी बर्फाची कड येथे होती, एवढेच ते सांगतात.

1982 च्या फलकापाशी वहिनी थांबल्या. त्यांचे लग्न त्या वर्षीचे. बर्फ मात्र तेथून दूर होता. मध्ये नुसता राखाडी दगडगोटा. वारा थंड होता. दोघे चालत राहिले. बऱ्याच वेळाने 1992 चा फलक आला. त्या वर्षी भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, आणि दुकान आपल्याकडे राखण्यासाठी थोरल्या भावाला त्याचा हिस्सा रोख द्यावा लागला होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मला काल सुनेनं सांगितलं. दुकानाचं."

शेठजी काही बोलले नाहीत.

"विकायचं की नाही ते मी विचारत नाही. एकच विचारते. ब्याण्णव साली माझ्या बांगड्या अन् गोठ मोडले, ते पैसे कोणत्या खात्यावर जमा आहेत?"

ज्या माणसाने चाळीस वर्षांत एका आण्याची खतावणी चुकू दिली नव्हती, त्याला उत्तर ठाऊक होते. ती रक्कम 'घरून आले' एवढ्याच दोन शब्दांत किर्दीत पडली होती. तिचे खाते कधी उघडलेच नाही. हे कपटाने झाले नव्हते. घरातली वस्तू घरात आली, अशीच त्या काळची समजूत होती. पण समजुतीने खतावणी होत नाही, हे शेठजींनीच कितीतरी गुमास्त्यांना शिकवले होते.

"किती होतं?" त्यांनी विचारले.

"अकरा तोळे. वजन तुम्हीच केलं होतंत."

बर्फाच्या कडेपर्यंत जाऊ नये म्हणून तेथे दोर बांधलेले आहेत. पृष्ठाखालच्या भेगांत पडून माणसे दगावली आहेत. त्या दोरापाशी दोघे बराच वेळ उभे राहिले. परतताना वाट उताराची होती, तरी शेठजींना वेळ लागला. वहिनींनी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. पेठेत असते तर धरला नसता.

मुक्कामासाठी त्यांनी जॅस्परच्या अलीकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेला छोटा तळ निवडला. त्या तळ्याचे नाव हनीमून लेक. फलक वाचून वहिनींना हसू आले. लग्नानंतर दोघे दुकानाच्या दिवाळी खरेदीसाठी मुंबईला गेले होते, तोच त्यांचा प्रवास. तळावर वीज नाही, नळजोड नाही, आणि रखवालदारही दिसत नाही. आपली जागा आपण निवडायची, पाकिटावर गाडीचा क्रमांक लिहायचा, भाडे पाकिटात घालून पेटीत टाकायचे. दुकानदार नसलेले हे दुकान शेठजींनी दोनदा निरखून पाहिले. मग पाकीट वहिनींच्या हाती दिले.

"तू लिही."

संध्याकाळी सात वाजता जेवण झाले. जुलैत येथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घाई करण्याचे कारण नव्हते. पण वहिनींनी घड्याळ मानले. "सूर्य इथला असला तरी पोट बार्शीचं आहे," त्या म्हणाल्या. भांडी वाटीभर पाण्यात झाली. अस्वलांच्या भयाने उरलेसुरले सारे आत घेतले.

मग शेठजींनी खिशातली वही काढली. पेट्रोल, भाडे, तळाचे पैसे यांच्या पुढचे एक कोरे पान उघडून त्यांनी शिरोभागी पत्नीचे पूर्ण नाव लिहिले, खाली साल 1992, जमेच्या बाजूला सोने अकरा तोळे. रकमेच्या जागी पेन अडले.

"त्या वेळचा भाव लावू की आजचा?"

"आज लावू नका," वहिनी म्हणाल्या. "आणि बार्शीला उत्तर उद्या देऊ. जॅस्परला रेंज आली की आधी मला विचारा."

शेठजींनी वही उघडीच टेबलावर ठेवली. बाहेर अजून लख्ख उजेड होता. झोप यावी म्हणून वहिनींनी एकेक करून पडदे ओढले, आणि सवयीने कपाटांच्या साऱ्या खिट्या पुन्हा तपासल्या.