ओल्या पुस्तकाचं वजन

परवा कॉलेजच्या ग्रंथालयातून ना-देय दाखला घेतला. तीन वर्षं हाच दाखला लिहून काउंटरपलीकडे सरकवायचं काम माझं होतं. परवा मीच पलीकडे उभी होते. माझ्याकडे ग्रंथालयाचं काही देणं नाही, असं त्यावर लिहिलंय. ते तितकंसं खरं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी सांगलीच्या खणभागातली. अब्बांचा रद्दीचा गाडा. बारावीनंतर साताऱ्यात प्रवेश मिळाला, पण खर्चाचं काय? ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातलं. साताऱ्याला ही वाट जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू करून सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेही कष्ट करून शिकणाऱ्या पोरांसाठी. तेव्हाची मुलं शेतात राबून शिकली. माझ्या वाट्याला पंख्याखालचं काम आलं: परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, शिक्के मारणं, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवणं.

निघताना अब्बा एवढंच म्हणाले होते, “पढ बेटा, पन किताबां कू पानी नको लगने देऊ.”

हे बोलणं कुठून आलं ते आम्हा सांगलीकरांना सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९. मी दहावीत होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलात भिजलेली वह्या-पुस्तकं रस्त्यावर आली. लोक अब्बांना हाका मारत होते, न्या म्हणून. पण ओली रद्दी कोण घेणार? वजन दुप्पट, किंमत शून्य. तरी अब्बांनी त्यातली थोडी पुस्तकं गच्चीवर नेली. ती उन्हात टाकायची नाहीत, पानं आखडतात. सावलीत उभी करायची, पानापानांत कोरडा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. आमचं सगळं घर आठवडाभर तेच करत होतं. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. त्यातलं एकही पुस्तक त्यांनी वाचलं नसेल.

ग्रंथालयात मला आधी आकडे शिकावे लागले. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, उर्दू ८९१.४३९. घरी दखनी बोलणारी, मराठीत बी.ए. करणारी मी नेमकी कुठल्या फळीवर, असा प्रश्न पडायचा. वर्गातल्या एकीने तो विचारलाच, “तुमची भाषा उर्दू ना? मग मराठी कशाला घेतलंस?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे मराठी कवितेची फळी लावताना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हाती आला, शेजारी शाहीर अमर शेख. ही माणसं कुणाला न विचारता कधीचीच ८९१.४६ मध्ये बसली होती. मी फळी नीट पुसली. उत्तर द्यायची गरज त्यानंतर वाटली नाही.

आता त्या देण्याबद्दल. दुसऱ्या वर्षी माण तालुक्यातली एक पहिल्या वर्षाची मुलगी पुस्तक परत करायला आली. ‘फकिरा’ होतं, भिजून फुगलेलं. गावी टँकर आला तेव्हा घाईत भरलेली घागर त्यावर कलंडली होती. जिथं पाण्यासाठी रांगा, तिथं पाण्यानंच पुस्तक खराब व्हावं! नियमाप्रमाणे पुस्तकाची किंमत भरून घ्यायची. तिचा चेहरा मला वाचता येत होता. मी आजूबाजूला बघितलं, पुस्तक जमा करून घेतलं आणि शेरा लिहिला: पाने जीर्ण.

चार दिवस ते पुस्तक मी खोलीवर वाळवलं, अब्बांच्या पद्धतीनं. पानं सुटी झाली, पण डाग राहिला आणि शेरा डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी ग्रंथपाल मॅडमना सगळं सांगितलं. काम जाईल ही भीती होती. मॅडमनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, “खोटा शेरा लिहिलास ते चूकच. मला विचारायचं होतंस.” माझ्याच हातानं शेरा खोडायला लावला, शेजारी ‘भिजलेले, दुरुस्त केले’ असं लिहून घेतलं आणि स्वतः सही केली. मग विचारलं, “हे वाळवायचं कुठं शिकलीस?” मी सांगितलं. त्या पावसाळ्यात भिंतीची ओल लागलेली पुस्तकं त्यांनी माझ्याकडे सोपवली.

पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा रंगनाथन यांचा पहिला नियम. त्यांनी पाच नियमांचं पुस्तक १९३१ मध्ये लिहिलं. वापर म्हटला की घागर कलंडणार, चहा सांडणार, पूर येणार. म्हणून नियम नको असं नाही. पण नियम चालवणाऱ्याला खरं सांगता येईल एवढा विश्वास वाटला पाहिजे. मला तो मॅडमनी दिला. त्या माणच्या मुलीला मात्र मी फक्त सूट दिली, विश्वास दिला नाही. तिला मॅडमकडे नेलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना फळीवर जाऊन तो ‘फकिरा’ काढून बघितला. तारखेच्या चिठ्ठीवर त्यानंतरचे नऊ शिक्के होते. घरी फोन करून अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, “सूखी ना बराबर?”

“हो अब्बा,” म्हटलं, “बराबर सूखी.”