टेकू कोठें द्यावा?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या पुतण्यानें आपल्या मोटारसायकलचा मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर घरींच बदलण्याचा संकल्प सोडला. गाडीस मधला स्टँड नाहीं आणि मागें शॉकही एकच. त्यानें पॅडॉक स्टँड लावून मागचें चाक अधांतरीं केलें. आम्ही कौतुकानें पाहत राहिलों. शेवटचा बोल्ट निघतांच गाडीचा मागचा भाग धपकन् खालीं बसला. पुतण्याचा हात क्षणापूर्वींच बाहेर आला होता, हें दैव!

चूक साधीच होती. हा स्टँड चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला उचलतो. गाडीचा सांगाडा मात्र त्या स्विंगआर्मवर शॉकच्याच आधारानें तोललेला असतो. तो आधार काढल्यावर भार खालीं येणारच. "खांब बदलतांना टेकू तुळईला देतात रे," सोप्यांतून आमच्या मातोश्री म्हणाल्या. वाड्याचा खांब बदललेला त्यांनीं पाहिला होता.

दुसऱ्या दिवशीं सांगाड्याच्या भक्कम भागाखालीं दोन्ही बाजूंस लोखंडी घोडे लावले. सायलेन्सरवर कणभरही भार येऊं दिला नाहीं. पुढचा ब्रेक दोरीनें आवळून ठेवला, मागच्या चाकाखालीं पाट सरकविला आणि पाना लावण्यापूर्वीं गाडी हलवून पाहिली. बोल्ट सहज निघाला; गाडी जागची हलली नाहीं.

उचललेली वस्तु सांवरलेली असतेच असें नाहीं. पुतण्याच्या त्या हाताकडे पाहिलें कीं आदल्या दिवशींचें आमचें कौतुक आम्हांसच लाजवितें.