खिसा किती इंचांचा?

पुण्यात ‘माझा पूल आहे’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला आधी लकडी पूल आठवतो. मग खुलासा करावा लागतो : हिरव्या कापडाची चार टेबले, लांब काठ्या, रंगीत चेंडू. खुलाशानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. म्हणजे अड्डाच की हा! अशा वेळी मी विल्सन जोन्स यांना मदतीला बोलावतो. पुण्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवले. पूल हा त्याच घराण्यातला खेळ. मग काळजी थोडी ओसरते.

माझी स्वतःची काळजी निराळी आहे. ती खिशाची, टेबलाच्या आणि माझ्याही. (पोरे ‘पॉकेट’ म्हणतात. मी खिसाच म्हणतो.)

पुलाचा चेंडू सव्वादोन इंची. कोपऱ्यातल्या खिशाचे तोंड आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे साडेचार इंच, फार तर पावणेपाचच्या किंचित आत. साडेचारात दोन चेंडू शेजारी शेजारी बरोबर मावतात. मोजपट्टीचीही गरज नाही. माझी टेबले मात्र जवळजवळ पाच इंची होती.

मुरलेल्या खेळाडूला असे टेबल म्हणजे अपमान वाटतो. चेंडू कुशनला घासत गेला तरी आत पडतो, मग नेम कसला? त्याला सव्वाचार इंच हवे. तिथे जरा चुकलेला चेंडू दोन्ही कडांवर थडथडतो आणि तोंडाशीच उभा राहतो. कॅरममध्ये सोंगटी भोकाच्या काठावर येऊन थांबली की जीव जसा वरखाली होतो, तसेच. फक्त इथे भाडे चालू असते.

सगळी गंमत त्या भाड्यातच आहे. तासावर भाडे घेतले तर अरुंद खिसा मालकाच्या फायद्याचा, कारण डाव लांबतो. डावावर घेतले तर रुंद खिसा बरा. डाव भराभर उरकतात. पण हा झाला कागदावरचा हिशेब. शनिवारी येणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा चेंडू पंधरा मिनिटे आत गेला नाही, तर ती काठ्या ठेवून सरळ वडापाव खायला जातात. त्यांना चेंडू पडल्याचा आवाज हवा असतो. माझ्या कर्जाचा हप्ता त्या आवाजावर फिटतो.

आमच्या सर्वांत तयार खेळाडूला त्या आवाजाचे कौतुक नाही. “काका, टेबलं घट्ट करा, नाहीतर आम्ही कॅम्पात जातो,” म्हणाला. हा एकटा गेला तर काही बिघडत नव्हते. पण त्याचा खेळ बघायला आठ जण जमतात, आणि त्यांतले चार जण नंतर टेबल घेतात.

शेवटी मिस्त्रीला बोलावून चार नंबरचे टेबल उघडले. कुशनवरचे कापड सोडवून प्रत्येक खिशाच्या दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या चिकटवायच्या : सहा खिसे, बारा कडा. सव्वाचारचा आकडा ऐकून मिस्त्रीने मान हलवली. पट्टीवर पट्टी चढवत गेले की खिशापाशी चेंडूची उसळी मरते, म्हणाला. साडेचारवर तोडगा निघाला.

आता चार नंबरला तासाचे भाडे, बाकी तिन्ही टेबलांना डावाचे. आमचा खेळाडू रोज येतो, खिशाच्या तोंडाशी दोन चेंडू लावून बघतो, “पाव इंच राहिलंच, काका,” म्हणतो आणि काठीला खडू लावतो. रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत आमची मंडळी एक नंबरवर खेळतात. त्या टेबलाला मिस्त्रीने हात लावायचा नाही, अशी मला घरातून सक्त ताकीद आहे.